हातभर माती

सत्तावन्न झाल्या होत्या, आणि माझ्या ओल्या पावलांवर भसकन माती येऊन पडली.

मान वर करून पाहिलं तर तात्या तुळशीवृंदावनात. छातीपर्यंत आत. पुढचे दोन्ही पाय आळीपाळीने चालवत तो माती मागे उडवत होता, आणि नुकतंच वाहिलेलं हळदकुंकू, फुलं, उदबत्तीची राख, सगळं त्या मातीबरोबर गच्चीभर पसरत होतं. मला ओरडता येईना. एकशे आठ प्रदक्षिणा पुऱ्या होईपर्यंत मौन, असा माझा नेम होता. मी टाळ्या वाजवल्या. तो थांबला. पेपर वाचताना कुणी मध्ये बोललं की माझे सासरे जसे पाहत, तसं त्याने एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा उकरायला लागला.

गच्चीतल्या नळाखाली हौसाबाई भांडी घासत होती. ती खो खो हसायला लागली.

"काकू, सासरा तुळशीत शिरला बघा तुमचा!"

माझ्या सासऱ्यांनाही सगळे तात्याच म्हणत. म्हणून तर हे नाव माझ्या तोंडातून सहसा निघत नसे. पण ऋजुताने, माझ्या सुनेने, लग्नाआधीच ते ठेवलेलं होतं. गळ्याखाली लोंबणारी पोळी, जड पापण्या, सगळ्या जगावर नाराज असल्यासारखा चेहरा. दुसरं नाव त्याला शोभलंही नसतं. तात्या म्हणजे तिने पाळलेला इग्वाना. शेपटीसकट चार फूट लांब हिरवा सरडाच म्हणा. इतर मुलींचं रुखवत येतं, हिचा काचेचा पेटारा आला. घरात पाल चुकचुकली तरी "कृष्ण कृष्ण" म्हणणारी मी, माझ्या दिवाणखान्यात हे ध्यान येऊन बसलं. खालच्या मजल्यावरच्यांनी तर "शेंडेकाकूंनी घोरपड पाळली, आता पोलीस येणार" इथपर्यंत नेलं होतं.

मी सांगतेय त्या सकाळीला आता नऊ वर्षं झाली.

ऋजुताचं त्याआधी दोनदा राहिलेलं टिकलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. एक, पूर्ण विश्रांती, मनाला कसलाही धक्का नको. दुसरी, त्या प्राण्याला हात लावायचा नाही. त्याच्या अंगावरचे जंतू गरोदर बाईला बाधतात. सौमित्र, माझा मुलगा, जहाजावर नोकरीला. बंदर लागलं की त्याचा फोन यायचा, एरवी नाही. म्हणून मार्गशीर्षात ऋजुताला तिच्या माहेरी बार्शीला नेलं. निघताना ती गाडीतून परत उतरली.

"आई, त्याला काही झालं तर मला सहन नाही व्हायचं. सांभाळाल ना?"

"मी आहे ना," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी तुळशीचा नेम धरला. रोज पहाटे अंघोळ करून ओलेत्याने एकशे आठ प्रदक्षिणा. तुळशीला कशाचा विटाळ होऊ द्यायचा नाही. ऋजुता सुखरूप मोकळी होईपर्यंत एक दिवसही खंड पडू द्यायचा नाही.

आणि तात्यासाठी तिने फ्रिजवर कागद चिकटवला होता, तोही मी नेमासारखाच पाळत होते. सकाळचं कोवळं ऊन दीड तास, काचेतून आलेलं नाही, उघड्यावरचं; नाहीतर हाडं मऊ पडतात. शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं, किसलेला लाल भोपळा. पालक नको. चिमूटभर कॅल्शियमची पूड. कात टाकताना बोटांवर कातडी अडकली तर कोमट पाण्यात बसवायचं, ओढायची नाही. जबड्याला सूज आली तर, पायांना थरथर सुटली तर, शी झाली नाही तर. सगळं लिहिलं होतं. उकरायला लागला तर काय, ते मात्र लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी मी मोजणी विसरले आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. पुऱ्या झाल्यावर तात्याला दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं, पुन्हा अंघोळ केली, गोमूत्र शिंपडलं, माती सारखी केली.

हौसाबाई कमरेवर हात ठेवून पाहत होती. "काकू, ह्ये अंड्यावर आलंय."

"काहीतरीच. अगं, तो नर आहे."

"कुनी बघितलंय?"

"ऋजुतानं. आणि घरात एकटाच तर आहे. जोडीदाराशिवाय कसली अंडी?"

"आमच्या कोंबड्या कुटं लगीन लावत्यात? कोंबडा नसला तरी देत्यातच की अंडी. जागा घावली न्हाई की आशाच उकरत हिंडत्यात घरभर." तिने कढई उपडी घातली. "पाटीभर माती द्या त्याला. न्हाईतर बसू द्या हितंच."

"तुळशीत?"

"तुळस मातीतच हाय न्हवं? मातीला कसला इटाळ?"

सुनेचा जीव ज्या तुळशीपाशी मी ठेवला होता, तिथं पाल बसू द्यायची? हौसाबाईचं बोलणं नेहमीचंच आगाऊ.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. सकाळी त्याला उन्हात सोडावं तर तो उन्हात थांबेचना, थेट वृंदावनाकडे. चौथ्या दिवशी मी बाजारात गेले आणि जाळी आणली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती, षटकोनी भोकांची. वृंदावनाभोवती चारी बाजूंनी गुंडाळून वर तारेने आवळली. मला माझंच कौतुक वाटलं होतं. त्या जाळीबद्दल मी आजवर कुणापाशी बोललेले नाही.

तात्या जाळीला नखं अडकवून उभा राहायचा. तिथं काही जमेना म्हटल्यावर तो गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन फरशी खरवडायला लागला. फरशीवर नखांचा तो खर्र खर्र आवाज माझ्या मौनातून आत शिरायचा. मी आकडा आणखी जोराने मनात म्हणायचे. एका सकाळी पाहिलं तर त्याचं एक नख तुटलेलं, फरशीवर रक्ताची बारीक रेघ. मी हळद लावली आणि त्याला काचेच्या पेटाऱ्यात ठेवलं.

मग त्याने खाणं सोडलं. जास्वंदीचं फूल तोंडाशी धरलं तरी मान वळवायचा.

रोज संध्याकाळी पाचला ऋजुताचा फोन यायचा.

"आई, तात्या जेवला का?"

"आज एकादशी आहे ना, त्यानेही धरली," मी हसून म्हटलं.

"आणि उद्या तुमच्याबरोबर द्वादशी सोडणार का?"

"बघू या."

तीही हसली. मला वाटलं, सावरून नेलं. सगळं ज्ञान होतं तिच्यापाशी, आणि तिलाच विचारता येत नव्हतं. सौमित्रचा फोन लागला तेव्हा तो तेवढंच म्हणाला, "आई, काहीही कर, पण तिला कळू देऊ नकोस." काहीही म्हणजे काय, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

दहाव्या दिवशी त्याचं पोट फुगल्यासारखं दिसायला लागलं आणि शेपटीचं मूळ वाळलं. मी त्याला जुन्या चादरीत गुंडाळून मागच्या गल्लीत डॉक्टर मोहित्यांकडे घेऊन गेले. मोहिते आमच्या ह्यांचे मित्र. जन्मभर गाईम्हशींचे डॉक्टर, आता निवृत्त. त्यांनी चादर उघडली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"वहिनी, मी म्हशींचा डॉक्टर. हे काय आणलंत?"

"साताऱ्यात दुसरं कोण आहे, सांगा. तिकडे जाते."

दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी तात्याच्या पोटावरून अगदी हलक्या हाताने बोटं फिरवली. एवढा थोराड माणूस, पण हात फुलासारखा.

"गोळे लागतायत. खडे गिळलेत का यानं? मातीबिती खातो?"

"तुळशीत तोंड घालत होता. उकरत होता."

"मग झालं. माती खाल्ली असणार, आतडं तुंबलंय. तेल पाजा थोडं. आणि आता मातीजवळ बिलकूल फिरकू देऊ नका."

मला हायसं वाटलं. म्हणजे जाळी लावली ते बरोबरच होतं. घरी आल्यावर हौसाबाईला मुद्दाम ऐकवलं, "डॉक्टर म्हणाले, मातीपासून लांब ठेवा."

"डागदर मोटं हायेत," ती म्हणाली. तिने तात्याकडे पाहिलं. "पर शेपूट वाळतंय आन् प्वाट वाढतंय. आसला रोग म्या गाभणीबिगर कुनात बगितला न्हाई."

दोन दिवस मी चमच्याने तेल पाजत होते. जबडा उघडायचा नाही. कडेने तेल गळून माझ्या पदराला लागायचं. तो हलायचाही थांबला. पेटाऱ्यात हनुवटी टेकून पडून राहायचा. मी त्याच्याशी बोलायला लागले. सासऱ्यांचं नाव म्हणून जे टाळत होते, तेच दिवसातून शंभरदा तोंडात येऊ लागलं. "तात्या, अरे जरा खा. तात्या, तिला मी काय सांगू?"

बाराव्या दिवशी, रविवारी, दुपारी बाराच्या सुमाराला मोहिते स्वतः जिना चढून आले. धाप लागली होती.

"माझ्या डोक्यातून जाईना वहिनी. माझी एक विद्यार्थिनी पुण्यात असल्या प्राण्यांचंच बघते. तिला विचारलं. तिला बघायचंय." त्यांनी मोबाइल तात्यासमोर धरला.

पडद्यावर एक तिशीतली मुलगी होती. तिने तात्याला उताणं करायला लावलं, मांड्यांची आतली बाजू दाखवायला सांगितली, पोटाच्या कडेने बोट फिरवायला सांगितलं.

"सर, हा नर नाही. मादी आहे," ती म्हणाली. "पोटात खडे नाहीत. अंडी आहेत. वीस-पंचवीस तरी असतील. काकू, ही उकरत होती का?"

"हो."

"किती दिवस?"

"आज बारा झाले."

"ह्यांना खोल माती लागते, काकू. उकरायला जागा मिळाली नाही तर त्या अंडी धरून ठेवतात. कितीही दिवस. मग ती आत अडकतात. उकरायला कुठं माती नव्हती का?"

मी गच्चीच्या दाराकडे पाहिलं. जाळी उन्हात चकाकत होती. हौसाबाई दारात उभी होती. तिने तेव्हा मला टाकून बोलायला हवं होतं.

"आता काय करायचं?" मोहित्यांनी विचारलं.

"ऑपरेशन. पुण्याला आणा, आत्ता निघा. वाटेत टिकेल असं मात्र मी सांगत नाही, फार क्षीण झालीय. गाडी येईपर्यंत ओलसर माती द्या, कोमट, किमान हातभर खोल. कधीकधी अगदी शेवटीसुद्धा घालतात."

मोहिते गाडी बघायला धावले. म्हशींना हात घालून सोडवणारा तो माणूस जिन्यात मागे वळून म्हणाला, "म्हैस असती ना वहिनी, तर मी आत्ता सोडवली असती. हिला हात कुठं घालू मी?"

हातभर माती. चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात हातभर माती एकाच ठिकाणी होती.

जाळीची तार मी इतकी आवळली होती की सुटेना. शेवटी हौसाबाईने विळीच्या पात्याने ती पिळून तोडली.

"म्या काढू का तुळस?" तिने हळूच विचारलं.

"नको. माझी मी काढते."

रविवारी मी तुळशीचं पानसुद्धा तोडत नाही. दोन्ही हातांनी बुंधा धरला आणि ओढला. मुळं चटचट तुटली. खाली माती हातभर खोल निघाली. हौसाबाईने कोमट पाण्याचा तांब्या ओतला, मी हाताने खड्डा केला आणि तिला आत ठेवलं. तात्या म्हणावं की काय म्हणावं, मला कळत नव्हतं.

"उकर गं," मी म्हटलं. "उकर बाई. आता कुणी उठवत नाही."

तिने डोळे उघडले. मातीचा वास लागला असावा. उजवा पाय पुढे घेतला आणि ओढला. ओंजळभर माती मागे पडली. मग डावा. तुटलेल्या नखाचा. हौसाबाईने माझा दंड घट्ट धरला. आणखी एकदा उजवा. मग तो पाय तसाच मातीत रुतून राहिला आणि तिने हनुवटी कडेवर टेकली.

"उकर की माय," हौसाबाई म्हणाली.

आम्ही दोघींनी तिच्यासाठी माती उकरून पाहिली. पुढून उकरली, मागून उकरली. पोटावर कोमट पाण्याचा हात फिरवला. ज्या मातीला तिचं नख लागू नये म्हणून मी बारा दिवस राखण केली, ती मी कोपरापर्यंत उपसत होते. पोटातले गोळे हाताला लागत होते, एकेक वेगळा. ते जागचे हलत नव्हते.

मग आम्हाला करण्यासारखं काहीच उरलं नाही. गाडीचा पत्ता नव्हता. ऊन वृंदावनावरून सरकत भिंतीकडे चाललं होतं. मी उठले. मला आयुष्यात जे एकच काम येतं, ते करायला लागले. वृंदावन उजव्या हाताला ठेवून मी तिच्याभोवती फिरायला लागले. सकाळच्या एकशे आठ झालेल्याच होत्या, या कशातल्या होत्या ते मला ठाऊक नाही. मौनही नव्हतं. फिरता फिरता मी बोलत होते. "गाडी येतेय गं. डॉक्टर गेलेत आणायला. पुण्यात चांगली मुलगी आहे, ती बघेल तुला. ऋजुता यायची आहे अजून."

"काकू," हौसाबाईने बऱ्याच वेळाने विचारलं, "किती झाल्या?"

"मोजत नाहीये."

ती मग भिंतीला टेकून बसली. मी फिरत राहिले. दर फेरीला तात्याचा मातीतला चेहरा समोर येई. दर वेळी वाटे, आता पाय हलेल. एकदा गळ्याखालची पोळी थरथरली. पुढच्या फेरीला थरथरली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी थांबले नाही, कारण थांबले की पाहावं लागलं असतं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मोहिते वर आले. त्यांनी तिच्या बरगडीवर दोन बोटं ठेवली, बराच वेळ ठेवली. मग रुमाल काढून स्वतःच्या बोटांची माती पुसली.

"वहिनी, थांबा आता."

मी तरीही अर्धी राहिलेली फेरी पुरी केली.

हौसाबाईने तिचे चारी पाय नीट पोटाशी घेतले. शेपूट वळवून घातली. पोट तसंच भरलेलं होतं. वरून माती लोटताना मी म्हटलं, "इथंच?" ती म्हणाली, "तिनं जागा हुडकलीच हुती की हितं. आपुनच दिली न्हाई." एवढंच ती मला बोलली. नंतरही कधी नाही.

तुळस फरशीवर आडवी पडली होती. पानं अजून ताजी होती. उद्या पहाटे कशाभोवती फिरायचं, हे मला सुचत नव्हतं. आणि खंड पडला तर बार्शीला काय होईल, हा विचार मनात आला तेव्हा मी तिथंच फरशीवर बसले.

पाच वाजले आणि फोन वाजला. घेतला नसता तर तिने घाबरून चार ठिकाणी फोन केले असते.

"आई, काय करताय दोघं?"

"काही नाही गं. गच्चीत बसलोय."

"अजून गच्चीत? ऊन गेलं ना आता. तात्या काय करतोय?"

"मातीत आहे."

"मातीत? कुठल्या मातीत?"

"तुळशीतल्या."

मग ती हसायला लागली. बार्शीला गेल्यापासून ती इतकी मोकळी हसलेली मी ऐकली नव्हती.

"आई! तुळशीत? आणि तुम्ही बसू दिलंत?"

"दिलं."

"मला वाटायचं, तुम्हाला त्याची किळस येते. मी इकडे आईला रोज म्हणायचे, सासूबाई माझ्यासाठी करतात सगळं, पण मनातून नसेल आवडत." तिचा आवाज ओला झाला. "आज मला झोप लागेल बघा. तो बरा आहे, तुम्ही बऱ्या आहात. बाळही आज छान फिरतंय, सकाळपासून." मग म्हणाली, "उद्या त्याचा फोटो पाठवा हं. तुळशीतला."

"हो," मी म्हटलं.

माझ्या नखांत माती होती. फोन डाव्या हाताने कानाशी धरून मी उजव्या हाताची बोटं पदराला पुसत राहिले. ती अजून बोलत होती.